दाराआडचं इंग्रजी

भामाकाकू गोड बाई नव्हत्या. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटल्यावर घरातली धाकटी माणसं म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. मी चांगलंच लिहिणार आहे, पण गोड लिहिणार नाही. खोटं लिहून संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला बसणं मला जमत नाही.

काकू म्हणजे माझ्या यजमानांच्या काकू. माझे सासरे अप्पाराव हैदराबादच्या अदालतीत वकील, घर बरकतपुऱ्यात. त्यांना मी मामंजी म्हणे. त्यांचे धाकटे भाऊ अनंतराव ऐन तारुण्यात विषमज्वरानं गेले, मागं मूल नाही. भामाकाकू त्यांची बायको. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळं घरातला सोवळ्यातला स्वयंपाक काकूंकडे. पहाटे उठून तो उरकायचा, मामंजींचा नैवेद्य झाकून ठेवायचा आणि मग मुलींच्या मराठी शाळेत शिकवायला जायचं. शाळेची परवानगी त्यांना माझ्या आजेसासऱ्यांनी दिली होती. आजेसासरे गेले, परवानगी राहिली. मामंजींना ती काढून घेता येईना आणि बघवतही नव्हती.

आमच्याकडे धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत होती. दोघं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिले, पण एकमेकांशी एक वाक्य बोलले नव्हते. मधे कुणीतरी लागे. आधी सासूबाई असत, मग मी आले. मामंजी ओसरीवर आरामखुर्चीत, काकू माजघराच्या दाराआड, आणि मी उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत.

"सूनबाई, तिला सांग, वरणात मीठ जास्त झालंय."

काकूंना ते तिथंच ऐकू गेलेलं असे. तरी मी मान वळवून म्हणायचं, "काकू, मीठ जास्त झालंय म्हणतात."

"त्यांना सांग, जिभेची चव गेली असेल तर हकिमाला दाखवा."

हे मी सांगत नसे. मी सांगे, "बरं म्हणतात." मूळचं वाक्य मामंजींनी ऐकलेलंच असे. ते पान चघळत बाहेर बघत बसत आणि दुसऱ्या दिवशी वरण न घेता उठत.

आणखी एक गोष्ट. अदालतीला निघताना काकू समोर आल्या, तर मामंजी पायरीवरून परत फिरत, घोटभर पाणी पीत आणि मग निघत. विधवेचं तोंड पाहिलं म्हणून. हे ते गुपचूप करत नसत. "पाणी आण" असं मोठ्यानं सांगत. काकू तेवढा वेळ भिंतीला लागून उभ्या राहत. कपाळावर आठी नाही, काही नाही. मला त्या दोघांचाही राग येई. त्यांचा, ते असं करत म्हणून. आणि काकूंचा, त्या मागच्या दारानं का जात नाहीत म्हणून. एकदा मी तसं बोलले.

"माझं घर आहे, चोराचं नाही," काकू म्हणाल्या. "तुला लाज वाटत असेल तर तू जा मागच्या दारानं."

पोलिस अ‍ॅक्शनला दोन वर्षं होत आली, तेव्हाची गोष्ट. दफ्तरांमधून उर्दू गेली, इंग्रजी आली. मद्रासकडचे साहेब आले. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांची चलती झाली आणि ज्यांनी जन्मभर उर्दूत कागद लिहिले ते रातोरात अडाणी ठरले. शाळाखात्याचाही हुकूम निघाला. वरच्या वर्गांना इंग्रजी सुरू होणार, म्हणून शाळेतल्या बायांनी खात्याची इंग्रजीची परीक्षा द्यायची. पास होतील त्या शहरात राहतील. नापास होतील त्यांना जिल्ह्यात लांबच्या तालुक्याला पहिली-दुसरीवर पाठवणार.

काकूंना इंग्रजी अक्षरं येत होती, सोपं वाक्य लावता येत होतं. पुढं काही नाही. आणि तालुक्याला एकटी विधवा बाई कुठं राहणार? म्हणजे नापास झाल्या तर नोकरी सुटली. नोकरी सुटली म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आमची चूल, आणि उंबऱ्यापलीकडून येणारं "तिला सांग". हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं आणि मामंजींना तर फारच चांगलं कळत होतं. हुकुमाची बातमी आली त्या दिवशी त्यांनी वरणभात दोनदा मागून घेतला.

शाळेच्या कमिटीवर केशवराव म्हणून गृहस्थ होते, मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. ते एका रविवारी आले. बरोबर आणखी दोघं-तिघं होते. चहा घेता घेता त्यांनी सगळ्यांदेखत विषय काढला.

"अप्पाराव, भामाबाईंचं बघा बुवा. तुम्ही जुने इंग्रजी मॅट्रिक. घरात मास्तर असून बाई नापास झाल्या, तर लोक कुणाला हसतील?"

मामंजी अडकले. चार माणसांत नाही म्हणवेना. कप खाली ठेवून म्हणाले, "शिकवतो. पण माझी अट आहे. नापास झाली, तर त्याच दिवशी राजीनामा. मग शाळेचं नाव या घरात निघायचं नाही. सूनबाई, विचार तिला."

मी वळले. दाराआडून आवाज आला, "कबूल आहे म्हणावं."

असं हे शिक्षण सुरू झालं. मामंजी अदालतीतून येत, कोट काढत, आरामखुर्चीत बसत. काकू दाराआड पाटावर. त्यांची पाटी मी बाहेर न्यायची, मामंजींनी बघायची, मी परत आत आणायची.

मामंजींना शिकवता येत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तिला सांग, या वयात एकेक शब्द पाठ करत बसली तर म्हातारी होईल. मूळ शब्द धरायचा. पुढं एक तुकडा लावला की अर्थ उलटतो, मागं लावला की काम बदलतं. हॅपी म्हणजे सुखी. पुढं 'अन' लावलं, अनहॅपी, दुःखी. मागं 'नेस' लावलं, हॅपिनेस, सुख. आपल्याकडे आहेच की हे. बे लावतो, ना लावतो. बेअक्कल. नालायक."

आतून काकू म्हणाल्या, "त्यांना सांग, हे दोन मला येतात. या घरात आल्यापासून रोज ऐकते."

"बरं म्हणतात," मी म्हटलं.

त्या दिवसापासून शिकवणीतलं प्रत्येक उदाहरण म्हणजे एक दगड झाला. यूस म्हणजे उपयोग, मागं 'लेस' लावलं की यूसलेस, निरुपयोगी, "उदाहरण घरातलंच आठव म्हणावं." होप म्हणजे आशा, होपलेस, "हा शब्द तिला परीक्षेनंतर कामाला येईल." एकदा तर ते म्हणाले, "विडो म्हणजे विधवा. मागं 'हुड' लागतं. विडोहुड. पुढं काही लागत नाही. जे एकदा लागलं ते लागलं, सुटत नाही."

मी तांदळात बोटं घालून बसले. सांगणार काय? काकूंचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"विचार त्यांना, हे हुड आणखी कशाला लागतं."

"ब्रदरला लागतं. ब्रदरहुड. बंधुभाव."

"तो शब्द नको म्हणावं. त्यांचा सख्खा भाऊ गेला तेव्हा जो दिसला नाही, तो शब्द पाठ करून काय करू?"

मामंजी ताडकन उठले आणि चपला घालून बाहेर गेले. चार दिवस शिकवणी बंद. पाचव्या दिवशी केशवरावांनी रस्त्यात भेटून "शिष्या काय म्हणते?" असं विचारलं, म्हणून पुन्हा सुरू.

पाटी बघायची त्यांची एक तऱ्हा होती. चूक असेल तर ती मोठ्यानं वाचून दाखवायची. बरोबर असेल तर "अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे" म्हणून अंगठ्यानं पुसून टाकायची. एकदा काकूंना 'अंडर' हा शब्द भेटला. 'अन' पुढं लागलं की उलटं होतं, एवढं त्या शिकल्या होत्या, आणि आपल्या हैदराबादी कानाला 'डर' म्हणजे भीती. त्यांनी पाटीवर अर्थ लिहिला, निर्भय. मामंजी इतके हसले की शेजारच्या घरातून माणूस डोकावला. ते एवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी अदालतीत वकिलांच्या खोलीत त्यांनी ते सांगितलं. तिथून ते केशवरावांकडे आणि केशवरावांच्या घरून शाळेत पोचलं. काकू शाळेतून आल्या आणि थेट भाकरी थापायला बसल्या. परातीत थापण्याचा आवाज त्या दिवशी ओसरीपर्यंत जात होता.

यजमान मला म्हणाले, "बाबांचंही सध्या बरं नाही गं. नवा जज मद्रासचा आहे. बाबा इंग्रजीत बोलायला उभे राहिले की दर वाक्याला थांबवतो, पुन्हा बोला म्हणतो. परवा पोरंसोरं वकील हसली."

मी म्हटलं, "मग काय, जज हसला की यांनी घरी येऊन कुणाला तरी हसायचं का?"

यजमानांनी वर्तमानपत्र उघडलं. ते स्वभावानंच वादात न पडणारे होते.

काकूंनी त्यानंतर आपली वेगळी वाट काढली. त्या पहिली-दुसरीच्या मुलींना शिकवायच्या. तिथं जोडाक्षरं शिकवायला त्या पुठ्ठ्याचे तुकडे करून जुळवायला देत. तीच युक्ती त्यांनी इंग्रजीला लावली. माझ्या लग्नातल्या पत्रिका कपाटात उरल्या होत्या, जाड गुलाबी कागदाच्या. काकूंनी मागितल्या, मी दिल्या. वरचा श्रीगणेश तेवढा मी कात्रीनं कापून घेतला आणि देवघरात ठेवला. बाकीच्या कागदाच्या कोऱ्या बाजूला काकूंनी मोठ्या तुकड्यांवर मूळ शब्द लिहिले. छोट्या तुकड्यांवर लाल शाईनं पुढं लागणारे आणि निळ्या शाईनं मागं लागणारे.

रात्रीची निजानीज झाली की आम्ही दोघी स्वयंपाकघरात ते मांडून बसायचो. मी मूळ शब्द टाकायचा, त्यांनी लाल-निळे तुकडे लावत जायचे. काइंड टाकला की अनकाइंड, काइंडनेस, अनकाइंडनेस. ओबे टाकला की डिसओबे. कधी त्या टाकायच्या आणि मी लावायचे. मी मराठी शाळेतली, मला इंग्रजीचा गंध नाही. पण महिनाभरात माझाही हात बसला. कौतुक मात्र मिळायचं नाही.

"दुसरीतली पोर यापेक्षा लवकर लावते," काकू म्हणायच्या.

"मग तिलाच घेऊन बसा," मी एकदा चिडून म्हटलं.

"ती सुट्टीत गावाला जाते. तू कुठं जाणार? टाक पुढचा."

काही तुकडे काही शब्दांना लागतच नाहीत, हे त्यांना अशानं कळलं. कुठलाही तुकडा कुठंही डकवता येत नाही. कानाला सवय व्हावी लागते. त्या पोळ्या लाटताना पुटपुटत, नळावर पाणी भरताना पुटपुटत. शेजारची तेलुगू बाई मला म्हणाली, "तुमच्या काकम्मा कोणता जप करतात हो?" मी म्हटलं, "परीक्षेचा."

श्रावणात एका सकाळी मामंजी न्हाणीघराकडे जाताना स्वयंपाकघरात डोकावले. फळीवरच्या डब्यात ते तुकडे होते. त्यांनी डबा उघडला, एक तुकडा उलटा करून पाहिला. मागं त्यांच्या मुलाच्या लग्नाचा मजकूर, अर्धा कापलेला.

"सूनबाई, ही पत्रिका कुणी फाडली?"

"मी दिली, मामंजी. उरलेल्या होत्या."

"स्वतःच्या लग्नाची पत्रिका फाडून विधवेच्या हातात दिलीस? अक्कल गहाण टाकलीस?"

त्यांनी डबा उचलला, न्हाणीघराबाहेर बंब पेटलेला होता, त्यात सगळे तुकडे ओतले. लाल, निळे, सगळे. मी उभी राहिले.  आत देवघरात जाऊन मी ते कापलेले गणपती पदराखाली घेतले, ते तरी राहावेत म्हणून.

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले नाहीत की उठल्या नाहीत. मामंजी आंघोळ करून बाहेर आल्यावर दाराआडून म्हणाल्या, "विचार त्यांना, पाणी तरी नीट तापलं का."

नवे तुकडे त्यांनी केले नाहीत. मी वहीची पानं फाडून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "नको. आता डोक्यात आहेत. तू नुसता शब्द बोल, मी लावते." तेव्हापासून मी भाजी चिरता चिरता शब्द बोलायची आणि त्या चुलीकडे तोंड करून लावत जायच्या. ओसरीवरची शिकवणीही त्यांनी सोडली नाही. मामंजी टाकून बोलत आणि त्या पाटी पाठवत. मला वाटतं, ते उदाहरण म्हणून जे बोलत ते त्यांच्या पक्कं लक्षात राही. शिवी विसरत नाही माणूस.

मग परीक्षेची तारीख आली. इंग्रजी तारीख. मामंजींनी पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पितृपक्षातली दशमी. अनंतरावांची तिथी.

"सूनबाई, तिला सांग, दशमीला अनंताचं श्राद्ध आहे. यशवंता करेल. स्वयंपाक सोवळ्यातला, तिच्या हातचा. दुपारी पानं वाढेपर्यंत तिला हलता यायचं नाही."

यशवंत म्हणजे माझे यजमान. काकांचं श्राद्ध दरवर्षी तेच करत आणि स्वयंपाक दरवर्षी काकूच करत. आत काकूंची चाळणी तशीच चालू राहिली. मला वाटलं, संपलं. कुठलीही बाई कुठल्याही परीक्षेसाठी नवऱ्याचं श्राद्ध टाकील का? माझ्यानं टाकवलं नसतं, हे मी खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी श्राद्धाचं सांगायला अंबाजीभटजींना निरोप पाठवला. भटजी स्वतःच आले. ओसरीच्या कडेला बसून म्हणाले, "अप्पाराव, दशमीला मी दुसऱ्या घरी शब्द दिलाय. तुमच्याकडे सर्वपित्रीला येतो. भामाबाईंनी तसं कालच देवळात येऊन सांगितलं."

सर्वपित्री म्हणजे भाद्रपद अमावास्या. ज्याची तिथी माहीत नाही किंवा काही अडचणीनं चुकली, त्याचं श्राद्ध त्या दिवशी करता येतं. हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मामंजींना तर होतंच.

त्यांचा चेहरा काळवंडला. भटजी गेल्यावर ते दाराकडे तोंड करून बोलले. पण नाव माझंच घेतलं. "सूनबाई, नवऱ्याचं श्राद्ध पुढं ढकलणारी बाई मी आज पाहिली."

"त्यांना सांग, जिवंत असताना त्यांना कशाची घाई नसे. पाच दिवस थांबतील."

"आणि देवापुढं काय तोंड दाखवणार, विचार."

"देवाशी बोलायला मधे कुणी लागत नाही म्हणावं. माझं मी बघेन."

मला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी मारुतीच्या देवळात गेले आणि भटजींना हळूच विचारलं, "यात दोष नाही ना?"

भटजी म्हणाले, "पोरी, शास्त्रात अडचण म्हटलंय. आता परीक्षा ही अडचण धरायची की नाही, ते लिहिलेलं नाही. मी धरली."

तेवढ्यानं माझं समाधान झालं असं नाही. पण मी घरी येऊन अनंतरावांच्या फोटोला हार घातला आणि मनात म्हटलं, रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, काकूंना सध्या डोकं शांत हवं आहे.

दशमीला काकूंनी पहाटेच स्वयंपाक केला, मामंजींचा नैवेद्य झाकून ठेवला. मामंजींनी जाहीर केलं, आज मी जेवणार नाही, या घरात आज अनंता उपाशी आहे. काकूंनी ऐकलं. फिक्या करड्या रंगाचं धुवट लुगडं नेसल्या, देवाला नमस्कार केला आणि पुढच्या दारानं निघाल्या. मामंजी मुद्दाम पायरीवर येऊन उभे राहिले, अगदी समोर.

काकू थांबल्या. त्यांच्याकडे नीट पाहिलं, असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग परत फिरल्या.

"निर्मला, पाणी आण," मोठ्यानं म्हणाल्या.

मी तांब्या आणला. त्या घोटभर पाणी प्यायल्या, तांब्या माझ्या हातात दिला आणि मामंजींच्या अंगावरून पायऱ्या उतरून गेल्या.

मामंजी तिथंच उभे होते. मी तांब्या घेऊन आत पळाले.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा मी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"गेला," त्या म्हणाल्या. मग विळीवर बसता बसता, "शेवटी तोंडी होती. साहेबानं ओबे शब्द दिला आणि जेवढे होतील तेवढे करा म्हणाला. केले."

अमावास्येला श्राद्ध झालं. काकूंनी रीतीप्रमाणे एकेक पदार्थ केला, कशात कमी केलं नाही. मामंजींनी वरण घेतलं नाही.

निकाल दिवाळीनंतर लागला. केशवराव स्वतः पेढे घेऊन आले, बरोबर कमिटीतले दोघं. "अप्पाराव, मानलं तुम्हाला. शाळेतल्या किती तरी जणी गळाल्या. भामाबाई पास. कमिटी तुमचे आभार मानते."

मामंजी आरामखुर्चीत ताठ झाले. "काही नाही हो. रोज अदालतीतून आल्यावर घसा कोरडा केला. मूळचं डोकं काही नव्हतं; पण मेहनत घेतली तर दगडालाही शिकवता येतं. सूनबाई, तिला सांग, पेढे देवापुढं ठेव."

दाराची कडी वाजली. काकू दाराआडून बाहेर आल्या. डोक्यावर पदर नीट होता. ओसरीच्या मधोमध येऊन त्या मामंजींसमोर उभ्या राहिल्या. केशवराव उगाच उठून उभे राहिले. मी उंबऱ्यावरच बसून होते. 

"मला सांगायचं ते मला सांगा," काकू म्हणाल्या. "मी पास झाले, आता मधे माणूस नको. तुम्ही शिकवलंत, हे खोटं नाही. यूसलेस शिकवलंत, होपलेस शिकवलंत, विडोहुड शिकवलंत. सगळं पाठ झालं. अट तुमची होती, नापास झाले तर राजीनामा. पास झाले तर काय, हे तुम्ही बोलला नव्हता. ते मी बोलते. उद्यापासून तुमच्या स्वयंपाकाला मी नाही."

 मामंजी त्यांच्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या तुळशीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, तिला सांग, दार उघडं आहे."

"मी इथंच उभी आहे. ऐकलं," काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्या हिमायतनगरला शाळेतल्या एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहायला गेल्या. एक ट्रंक, एक तांब्या आणि अनंतरावांचा फोटो. सगळी चूल माझ्यावर आली. याचा मला राग आला होता आणि तो बरेच दिवस राहिला. मी टांग्यापर्यंत पोचवायला गेले, तर जाताना म्हणाल्या, "वरणात मीठ कमीच घाल. जास्त घातलं की ते बोलतात, आणि कमी घातलं तरी बोलतात. पण मीठ वाचतं."

त्यांनी पुढं वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवलं. पुठ्ठ्याचे लाल-निळे तुकडे त्यांच्या मुली करायच्या. फार कडक होत्या, मुली त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. घरी त्या वर्षातून एकदाच येत, अनंतरावांच्या श्राद्धाला. स्वयंपाक करत, पानं उठली की निघून जात. मामंजी त्या दिवशी ओसरीवर बसत आणि एक शब्द बोलत नसत. मधे कुणी लागत नाही म्हटल्यावर त्यांना बोलायलाच काही उरलं नव्हतं.

छप्पन्न साली राज्यं फुटली. मराठवाडा मुंबईकडे गेला. मामंजींचे मुवक्किल, म्हणजे अशील, सगळे तिकडचे, परभणी-नांदेडचे. त्यांची अपिलं आता इथं यायची बंद झाली. इथं राहिलेल्यांना नवे इंग्रजी बोलणारे वकील हवे होते. मामंजी कोट घालून सकाळी जात आणि दुपारीच परत येत. मग जाणंही थांबलं. शेवटच्या आजारात एकदा त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "तिला सांग..." मी थांबले. त्यांनी पुढं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काकूंना मी हे कळवलं, तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "अर्धंच वाक्य ना? मग मला कशाला सांगतेस?" म्हणाल्या.

मामंजी गेले. वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या पितृपक्षात त्यांची तिथी पंचमीला आली. माझी तेव्हा दोन बाळंतपणं झालेली, पाठ धरलेली. एवढा सोवळ्यातला स्वयंपाक एकटीनं व्हायचा नाही. मी हिमायतनगरला गेले. काकूंना म्हटलं, "पंचमीला या. तुमच्या हातचं त्यांना... म्हणजे, तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

"पंचमीला शाळा आहे."

"एक दिवस रजा घ्या ना, काकू. थोरले दीर होते."

"सातवीची परीक्षा आहे माझ्याकडे. पोरी घाबरून बसल्यात." त्यांनी चष्मा पुसला. "सर्वपित्रीला करा. येते."

मला राग आला. मी म्हटलं, "अजून मनात धरलंय तुम्ही."

"धरलंय," काकू म्हणाल्या. "सोडायला कुणी सांगितलं?"

यजमानांनी ऐकून घेतलं. भटजींना निरोप पाठवला. भटजी म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "सर्वपित्री? बरं, बरं. अडचण असेल."

अमावास्येला काकू पहाटेच आल्या, न्हाऊन सोवळं नेसल्या आणि चुलीपुढं बसल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं त्यांच्याच हातचं. वरण त्यांनी शेवटी केलं. मीठ घालताना माझ्याकडे पाहिलं आणि चिमूटभर जास्त घातलं.

काकबळी घेऊन मी परसात गेले. केळीच्या पानावर घास ठेवला, हात जोडले. कावळा लगेच आला नाही. मला धास्ती वाटली, मामंजी रागावलेत, दहा दिवस ताटकळत ठेवलं म्हणून. मी रामरक्षा म्हणू लागले. काकू मागं येऊन उभ्या राहिल्या, हात पदराला पुसत.

मग एक कावळा भिंतीवरून उतरला आणि त्यानं वरणभातात चोच घातली.

"थांबले ना दहा दिवस?" काकू म्हणाल्या. "मग झालं."

आणि आत जाऊन त्यांनी पानं वाढायला घेतली.